माटोळीची वही

यंदा, २०२५मध्ये, २७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती. तिच्या आदल्या संध्याकाळी, तयेच्या दिवशी, माझी आठ वर्षांची नात देवघराबाहेरच्या चौकीवर, म्हणजे मोकळ्या दालनात, स्टुलावर उभी राहिली. हातातले पिवळट, खरबरीत सालीचे, भलेमोठे फळ तिने सर्वांना दिसेल असे वर धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हाळुंग." खाली उभ्या असलेल्या तिच्या आजोबांनी होकारार्थी मान हलवली, काकाने स्टूल घट्ट धरले आणि तिने कुंभ्याच्या सालीच्या दोराने ते फळ माटोळीच्या उजव्या कोपऱ्याला स्वतःच्या हाताने बांधले. गाठ सैल होती. ती मी नंतर, तिचे लक्ष नसताना, आवळली. पण बांधणारी तीच आणि वहीतही तिचेच नाव लागले.

ज्यांना माटोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गोव्यात चवथीला गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात. तिला नारळाची पेंड (नारळांचा घोस), सुपारीचा शिपटा, केळ्यांचा घड, आंब्याचे टाळे आणि त्या ऋतूत परसात, कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) आणि रानात मिळणारी फळे, भाज्या, फुले व वेली बांधतात, तीच माटोळी. मखर आणि रोषणाई पुष्कळ ठिकाणी दिसते, पण आमच्याकडे माटोळीवाचून गणपती बसत नाही. जुन्या घरांतून तर तिच्यासाठी तुळयांना कायमच्या कड्या ठोकलेल्या असतात. आमच्या चौकीच्या तुळईला तशा चार कड्या आहेत. घराला दोनदा रंग काढला तरी त्यांना हात लावू दिलेला नाही.

आमच्या घरात या माटोळीचा एक नियम आहे. तो माझ्या सासूबाईंनी घालून दिला की त्यांच्याही सासूबाईंनी, हे मला कधी कळले नाही. ज्याला वस्तूचे नाव येते, त्यानेच ती बांधायची. नाव येत नसेल तर वस्तू धुऊन द्यावी, दोर कापून द्यावा, चौकट धरावी; बांधायला मात्र हात लावू नये. घरातल्या प्रत्येक मुलाने माटोळीला पहिली वस्तू कोणत्या वर्षी बांधली, ही आमच्याकडे पहिला दात किंवा शाळेचा पहिला दिवस यांच्या बरोबरीची गोष्ट मानली जाते.

मी स्वतः या परीक्षेत एकदा अडकले होते. माझे लग्न १९७५च्या मे महिन्यात झाले. माहेर सावंतवाडी तालुक्यातले, सासर फोंडा तालुक्यातले. अंतर फार नव्हते, पण मध्ये राज्याची हद्द होती आणि गोवा तेव्हा दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. माहेरी आम्ही या चौकटीला माटवी म्हणत असू आणि ती दरवर्षी माझे वडील व काका बांधत. मला वाटले, यात नवे ते काय असणार? पहिल्या चवथीला मी उत्साहाने पुढे झाले. सासूबाईंनी एक फांदी उचलून माझ्यासमोर धरली आणि विचारले, "बाय, हें कितें?" हिरवट-पिवळ्या, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस होते. डोंगरात ती वेल मी शंभर वेळा पाहिली असेन, पण नाव येईना. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "कांगलां," एवढेच म्हणाल्या आणि ती फांदी त्यांनी स्वतः बांधली. त्या वर्षी माझ्या हाताने फक्त नारळाची पेंड आणि केळ्यांचा घड बांधला गेला. रात्री मी माहेराहून आणलेल्या ट्रंकेतून दोनशे पानी वही काढली आणि माटोळीला जे जे होते ते सासूबाईंना विचारून उतरवून घेतले. एकोणतीस वस्तू भरल्या. तीच ही वही. तिला नंतर दोन वह्या जोडल्या गेल्या आणि तिन्हींना मिळून जाड पुठ्ठ्याची बांधणी यजमानांनी करून दिली.

सुरुवातीला वहीत नुसती यादी असे. पुढे तिला आपोआप समास जोडला गेला. वस्तू कुठून आली, कोणी आणली, त्या वर्षी चवथ किती तारखेला होती, पाऊस कसा होता. आणि मग त्याच समासात घरातल्या गोष्टी शिरू लागल्या. थोरल्याचा जन्म, धाकट्याची मुंज, यजमानांची बदली, पाटाला आलेला पूर, गाईचे वासरू. १९८३चे पान जवळजवळ कोरे आहे. चवथ चार दिवसांवर असताना मुलीचा जन्म झाला आणि सोयर आल्यामुळे त्या वर्षी माटोळी बांधली गेली नाही. त्या पानावर केवळ एक ओळ आहे, ती सासूबाईंच्या हातची: "वजन सहा पौंड, आवाज मोठा." सासूबाई १९९८मध्ये गेल्या. त्या वर्षीच्या पानावर मी काही लिहिले नाही, आणि आजही लिहावेसे वाटत नाही.

मुलीचे लग्न झाले तेव्हा पहिल्या चवथीचे वजे तिच्या सासरी पाठवताना नेवऱ्या, लाडू, फळे यांच्याबरोबर मी तिला कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आमच्याकडची त्या वर्षीची यादी लिहून दिली. तिचे सासर डिचोली तालुक्यात आहे आणि तिथे काही नावे वेगळी आहेत. आता दर चवथीला आम्ही दोघी फोनवर आपापल्या याद्या वाचतो आणि कोणती वस्तू तिच्याकडे कोणत्या नावाने आली हे मी समासात लिहून ठेवते. घागरी, आंबाडे, तोरिंजन (पपनस), निरफणस, चिबूड यांची नावे सर्वत्र थोड्याफार फरकाने तीच असतात. रानातल्या वेलींच्या बाबतीत मात्र चार गाव ओलांडले की नाव पालटते.

धाकटी सून नागपूरकडची. तिच्या पहिल्या चवथीला मला माझीच पहिली चवथ आठवत होती आणि तिला संकोच वाटू नये म्हणून नियम थोडा सैल करावा असे मनात होते. पण घोस हातात घेताच ती म्हणाली, "ही तर मालकांगोणी आहे. माझी आजी गुडघ्यांना हिचे तेल लावायची." ज्या फांदीपाशी मी अडकले होते तिचे नाव, आमच्या घरात कोणालाही ठाऊक नसलेले, तिला येत होते. तिने ती फांदी बांधली. वहीत कांगलांच्या समोर मी त्या दिवशी "म्हणजेच मालकांगोणी" असे लिहिले आणि पुढे तिचे नाव व साल घातले. सासूबाई असत्या तर त्यांना हे फार आवडले असते.

माझा स्वतःचा छंद याच वहीतून उगवला. पूर्वी चवथीच्या आधी चार-पाच दिवस घरातले पुरुष डोंगरावर जात आणि मोळ्याच्या मोळ्या घेऊन येत. पुढे नोकऱ्यांमुळे ते थांबले आणि आम्ही फोंड्याच्या बाजारातून माटोळीचे सामान आणू लागलो. त्या दिवसांत बाजार पाहण्यासारखा असतो. आजूबाजूच्या गावांतून आणि सत्तरी, धारबांदोड्याकडून आलेल्या बायका रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसतात. त्यांच्यासमोर हिरव्या पानांवर मांडलेली ती संपत्ती पाहून पाय निघत नाही. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला अतिशय आदर आहे. वहीतली निदान दहा नावे त्यांनीच मला शिकवली. पण मागणी वाढली तशी एक गोष्ट माझ्या मनाला लागू लागली. काही जण फळाचा घोस न तोडता वेलच मुळापासून ओढून आणतात, कारण अख्खी वेल विकायला आणि वाहून न्यायला सोपी पडते. वहीतली जुनी पाने चाळताना लक्षात आले की आमच्या डोंगरावर १९८०च्या आसपास सहज मिळणाऱ्या सहा-सात वस्तू नंतरच्या यादीत "बाजारातून" या शेऱ्यासह येऊ लागल्या आणि त्यांतल्या दोन तर पुढे दिसेनाशाच झाल्या. तेव्हा ठरवले की जे परसात होण्यासारखे आहे ते परसात लावायचे.

मी साठीत आले होते. कुदळ चालवण्याचे वय नव्हते, पण बी पेरायला आणि वाट पाहायला वय लागत नाही. कवंडळाची वेल मी गोठ्याच्या छपरावर चढवली. ती आता दरवर्षी आपली आपण येते. हे फळ कडू असते, खाण्याचे नव्हे, पण पिकले की त्याच्या तांबड्या रंगापुढे दुसरे काही डोळ्यांत भरत नाही. घागरीचे बी पाण्याच्या टाकीमागे टाकले आणि तीन महिन्यांत पिवळी फुले डोलू लागली. तोरिंजन बियांपासून केले. सर्व जण सांगत होते की कलम घे, पण ज्या झाडाचे फळ सासूबाई बांधत असत त्याच झाडाचे बी मला हवे होते. आठव्या वर्षी, २०२१मध्ये, त्याला पहिली दोन फळे धरली. त्या फळांचे वजन यजमानांनी काट्यावर करून वहीत लिहिले, जसे मुलीचे लिहिले होते. म्हाळुंगाने मला दोनदा निराश केले. तिसरे रोप विहिरीजवळच्या ओलाव्यात टिकले आणि यंदा नातीने बांधले ते फळ त्याचेच.

कळलावीबद्दल मात्र मी फार सावध असते. तिची ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले माटोळीत शोभतात, परंतु ती वनस्पती विषारी आहे. तिच्या कंदात कोल्चिसीन असते आणि ते पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ती मी परसाच्या टोकाला, कुंपणाच्या आत, वेगळी लावली आहे. तिथे मुलांनी एकटे जायचे नाही, फूल मीच तोडायचे आणि तोडल्यावर हात धुवायचे, हे मोठ्या दोन्ही नातवंडांना पाठ आहे. नाव येणे म्हणजे नुसता शब्द येणे नव्हे, असे मी त्यांना सांगते. कळलावीचे नाव येते असे कोणी म्हटले तर तिच्या विषाचीही माहिती त्याने सांगितली पाहिजे. नातवाने ती दोन वर्षांपूर्वी सांगितली आणि मगच स्टुलावर चढला.

२०२०ची चवथ २२ ऑगस्टला होती. त्या वर्षी साथीमुळे भावकीतले कोणी येऊ शकले नाही, मुलगी येऊ शकली नाही, आणि बाजारात जाण्याची मला परवानगी नव्हती. घरात आम्ही पाच जण होतो. माटोळी केवळ परसातल्या आणि कुळागरातल्या वस्तूंची बांधली आणि मोजली तर एकतीस भरल्या, म्हणजे १९७५च्या यादीपेक्षा दोन अधिक. आरतीला माणसे नव्हती, पण चौकट गच्च भरली होती. दरवर्षी मी माटोळीचा फोटो काढते. त्या वर्षीचाच फोटो चौकटीत घालून चौकीवर लावला आहे.

तारखेचाही माटोळीवर किती परिणाम होतो, हे वहीमुळे कळले. २०२३मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे चवथ १९ सप्टेंबरला गेली आणि कवंडळे पुरती तांबडी होऊन बसली होती. यंदा ती ऑगस्टमध्येच आल्यामुळे बहुतेक कवंडळे हिरवीच बांधावी लागली. पुढे येणाऱ्या नातसुनेलाही हे ठाऊक असावे म्हणून मी आता प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था लिहिते: कोवळी, भरलेली, पिकलेली, तडकलेली.

मध्यंतरी शेजारच्या एका मुलीने मला कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी सजावट स्पर्धेत भाग घ्यावा असे सुचवले. या स्पर्धेमुळे रानातल्या शेकडो वस्तूंची ओळख नव्या पिढीला होते आणि कित्येक जण फळा-बियांतून देवतांच्या आकृती उभ्या करतात. ती कला मी आदराने पाहते. पण आमच्या माटोळीला आकृती नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी सुटी लोंबत असावी, वाऱ्याने थोडी हलावी आणि खाली उभ्या असलेल्या मुलाला बोट दाखवून विचारता यावे, एवढेच मला हवे असते. म्हणून मी नाव दिले नाही.

यंदाच्या पानावर नातीच्या म्हाळुंगाशिवाय आणखी दोन नोंदी आहेत. पहिली नातवाची. तो बारा वर्षांचा आहे आणि यंदा प्रथमच त्याने संध्याकाळची संपूर्ण आरती घुमटावर साथीला धरली. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे भांडे, ज्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते. पूर्वी ते घोरपडीचे असे. घोरपड कायद्याने संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे चामडे वापरतात. २०१९मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. उजव्या हाताने चामड्यावर ठोका आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकून-उघडून नाद कमी-अधिक करायचा, हे दिसायला सोपे असते, पण आरती अर्ध्या तासावर गेली की हात भरून येतात. यजमान शामेळावर (काठ्यांनी वाजवायच्या ढोलावर) होते, थोरला कासाळे (झांजा) वाजवत होता. तिसऱ्या आरतीला नातवाचा ठेका क्षणभर सुटला. यजमानांनी शामेळाचा आवाज उतरवला आणि त्याला पुन्हा सम सापडेपर्यंत थांबले, त्याच्याकडे न पाहता. गोव्यातल्या या घुमट आरत्या मराठीत आहेत. घरात कोकणी बोलणारी, शाळेत इंग्रजी वाचणारी ही मुले ज्या मराठी ओळी न अडखळता म्हणतात, त्या त्यांना पुस्तकातून नव्हे, ठेक्यातून आलेल्या आहेत. त्या रात्री मुलाच्या दोन्ही तळव्यांना मी खोबरेल लावले.

दुसरी नोंद सर्वांत धाकट्याची, दहा महिन्यांच्या बाळाची. घागरीच्या सुक्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया वाजतात. तिला हे नाव त्यावरूनच पडले असावे. गेल्या वर्षीच्या शेंगा मी वाळवून ठेवल्या होत्या आणि त्यांतला एक झुबका ताज्या घागरीच्या शेजारी बांधला होता. बिया विषारी असल्याने तो बाळाच्या हाती लागणार नाही इतका उंच होता. पंचमीच्या सकाळी सून हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होती आणि बाळ चौकीवर माझ्यापुढे बसले होते. पावसाची झड आली, खिडकीतून वारा शिरला आणि तो झुबका वाजला. बाळाने वर पाहिले. पुन्हा वाजला. त्याने माझ्या लुगड्याचा पदर धरला, मग गुडघा धरला आणि वर बघत बघत उभे राहिले. सात-आठ श्वासांएवढा वेळ उभे होते, मग बसले. मी सुनेला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी धावत आली, पण तोवर ते पुन्हा रांगत निघून गेले होते. नियमाप्रमाणे त्याला अजून काही बांधता येणार नाही. तरी घागरीच्या ओळीसमोर मी त्याची तारीख लिहिली आहे.

विसर्जनानंतर माटोळी उतरवली. आंबाड्यांचे सासव केले, चिबूड कापून वाटला, निरफणसाच्या फोडी तळल्या, तोरिंजन शेजारच्या दोन घरी अर्धे अर्धे पाठवले. उरले ते बियांचे काम. दरवर्षी मी कवंडळ, घागरी, कांगलां यांच्या बिया काढून सावलीत वाळवते आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून ठेवते. यंदा नात शेजारी बसली आणि पुड्यांवर नावे घालू लागली. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला येईल आणि कवंडळे नक्की तांबडी मिळतील, असे मी तिला सांगितले. तिने वही मागितली. २०२६चे पान उघडून वर तारीख घातली, पहिल्या ओळीवर "कवंडळ" लिहिले, त्याच्यापुढे "पिकलेले" लिहिले आणि बांधणाऱ्याच्या रकान्यात आपले नाव घातले. मग थोडा विचार करून दुसऱ्या ओळीवर "घागरी" लिहिले आणि तिच्यापुढे बाळाचे नाव लिहून कंसात लिहिले: "बोलायला लागले तर."